विवाहाचा हक्क न्यायालयाने दिला. मिळवला मात्र रस्त्याने

१/
२६ जून २०१५. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओबर्गफेल खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला आणि समलिंगी विवाह त्या देशात सर्वत्र कायदेशीर झाला. तेव्हापासून एक सोयीस्कर इतिहास सांगितला जातो. हुशार वकिलांनी सभ्यपणे युक्तिवाद केला, सुज्ञ न्यायमूर्तींना तो पटला, आणि काम झाले. मोर्चे, घोषणा, रंगीत झेंडे ही केवळ मागची गर्दी. ती नसती तरी चालले असते. काहींच्या मते तर हक्क लवकर मिळाला असता.

हा इतिहास चुकीचा आहे. का, ते तारखांनिशी मांडणारा हा थ्रेड.

२/
प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सुप्रियो खटल्यात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. केंद्र सरकारने तर ही मागणीच शहरी उच्चभ्रूंची ठरवली होती. तेव्हापासून मराठीतही एक प्रश्न अधूनमधून विचारला जातो: न्यायालयात जे मिळाले नाही, ते रस्त्यावर ओरडून काय मिळणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी अमेरिकेचा अनुभव एकदा नीट क्रमाने वाचावा.

३/
सुरुवात फ्रँक कॅमेनी यांच्यापासून. हार्वर्डची खगोलशास्त्रातील डॉक्टरेट, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवा, नंतर लष्कराच्या नकाशा विभागात नोकरी. १९५७ मध्ये समलिंगी असल्याच्या कारणावरून त्यांना बडतर्फ करण्यात आले. त्यांनी मोर्चा काढला नाही. आजचे शहाणे लोक जो सल्ला देतात तोच मार्ग त्यांनी धरला. ते न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात हरले, अपिलात हरले. वकिलाने हात टेकल्यावर सर्वोच्च न्यायालयासाठीची याचिका त्यांनी स्वतः लिहिली. १९६१ मध्ये न्यायालयाने ती ऐकण्यासही नकार दिला.

४/
रस्ता आला तो यानंतर. १७ एप्रिल १९६५ रोजी व्हाइट हाउससमोर दहा माणसे फलक घेऊन उभी राहिली. पुरुष सुटाबुटात, स्त्रिया झग्यात. हा पोशाख कॅमेनींचा आग्रह होता. नोकरी मागायची तर नोकरीस लायक दिसले पाहिजे, असा त्यांचा हिशेब. त्या वर्षापासून १९६९ पर्यंत दर ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलसमोर अशीच शिस्तबद्ध निदर्शने होत राहिली.

५/
त्यातून एकही कायदा बदलला नाही, हे खरे. पण ज्या काळात या संघटनांतील अनेक जण टोपणनावाने वावरत, त्या काळात दहा जण भरदिवसा उघड्या चेहऱ्याने उभे राहिले. पुढे २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोकांनी प्रतिकार केला. वर्षभराने, २८ जून १९७० रोजी, त्याच शहरात हजारोंचा मोर्चा निघाला. दहांचे हजार व्हायला पाचच वर्षे लागली.

६/
विवाहाची मागणी याच वाऱ्यातली. १८ मे १९७० रोजी मिनियापोलिसमध्ये जॅक बेकर आणि मायकेल मॅककॉनेल यांनी विवाह परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. मॅककॉनेल यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात देऊ केलेली नोकरीही काढून घेण्यात आली. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये त्यांच्या विरोधात निकाल दिला. १० ऑक्टोबर १९७२ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील एका वाक्यात फेटाळले. या प्रकरणात दखल घ्यावी असा महत्त्वाचा संघीय प्रश्नच नाही, एवढाच त्या वाक्याचा आशय.

७/
त्या एका वाक्यापाशी थांबायला हवे. बेकर आणि मॅककॉनेल यांनी आधार घेतला होता चौदाव्या घटनादुरुस्तीचा: कायद्याचे समान संरक्षण आणि विहित कायदेशीर प्रक्रिया. ही दुरुस्ती १८६८ पासून संविधानात आहे. भिन्नवंशीय विवाहावरील बंदी मोडून काढणारा लव्हिंग खटल्याचा निकालही १९६७ मध्येच लागला होता. २०१५ मध्ये जो युक्तिवाद जिंकला, त्याचे सारे मुख्य सामान १९७२ मध्ये न्यायालयाच्या टेबलावर होते.

८/
'तेव्हाचे न्यायाधीश सनातनी होते' हे उत्तर टिकत नाही. १९७२ च्या न्यायालयात डग्लस, ब्रेनन आणि थर्गुड मार्शल होते. नागरी हक्कांच्या इतिहासात ही नावे आदराने घेतली जातात. त्या एका वाक्याविरुद्ध यांपैकी कोणीही मतभेद नोंदवला नाही. उलट २०१५ च्या नऊ न्यायमूर्तींपैकी पाच जण रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते, आणि निकाल लिहिणारे न्या. केनेडी हे रीगन यांची निवड. संविधानाचे शब्द तेच होते आणि युक्तिवादाचा गाभाही तोच. मधल्या ४३ वर्षांत जे बदलले ते न्यायालयाबाहेर बदलले.

९/
बाहेर काय चालले होते त्याचे एक उदाहरण. समलिंगी जोडप्यांचे धार्मिक विधी लावणाऱ्या एका चर्चवर कारवाई करण्याची धमकी न्यूयॉर्कच्या सिटी क्लार्कने दिली होती. ४ जून १९७१ रोजी गे अॅक्टिव्हिस्ट्स अलायन्सचे कार्यकर्ते केक आणि कॉफी घेऊन त्यांच्या विवाह परवाना कार्यालयात शिरले आणि तिथेच दोन जोडप्यांच्या साखरपुड्याची मेजवानी मांडली. कार्यालयातले फोनही त्यांनीच उचलले. आज इथे फक्त समलिंगींनाच परवाने मिळतील, असे ते पलीकडच्याला गंभीरपणे सांगत होते.

१०/
हा पोरखेळ वाटेल. पण त्याच वर्षी मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात बेकर खटल्याची सुनावणी झाली, तेव्हा न्यायमूर्तींनी वकिलाला एक प्रश्नही विचारला नव्हता. कागदावरचा अर्जदार असा दुर्लक्षित ठेवता येतो. समोर केक कापत उभ्या असलेल्या माणसाला मात्र काहीतरी उत्तर द्यावेच लागते, मग ते नकाराचे का असेना. जो प्रश्न न्यायालयाने प्रश्न म्हणूनच मानला नव्हता, तो निदर्शकांनी कार्यालयाच्या टेबलावर आणून ठेवला.

११/
हे दिसणे इतके महत्त्वाचे का, याचा सर्वांत बोलका पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या आतूनच मिळतो. जॉर्जियात मायकेल हार्डविक यांना १९८२ मध्ये त्यांच्याच शयनगृहातून अटक झाली होती. ३० जून १९८६ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारा कायदा वैध आहे. निर्णायक मत न्या. लुईस पॉवेल यांचे. ते आधी दुसऱ्या बाजूला झुकले होते, मग फिरले. त्या दिवसांत त्यांनी आपल्या एका कायदा-सहायकाला सांगितले की, समलिंगी माणूस आपल्याला आयुष्यात कधी भेटलेलाच नाही.

१२/
तो सहायक स्वतः समलिंगी होता. तो ते बोलू शकला नाही.

या खटल्यात हार्डविक यांच्या बाजूने लॉरेन्स ट्राइब यांच्यासारखा नामांकित घटनातज्ज्ञ उभा होता. युक्तिवादात उणीव नव्हती. उणीव ओळखीची होती. निवृत्तीनंतर १९९० मध्ये पॉवेल यांनी आपली बहुधा चूक झाल्याचे मान्य केले. तोवर कोट्यवधी माणसांच्या अंगावर 'गुन्हेगार' हा शिक्का बसला होता, आणि तो पुसायला २००३ साल उजाडावे लागले. 'शांत राहा, न्यायालयावर विश्वास ठेवा' असे सांगणाऱ्यांनी ही शांतता कशी असते ते पाहावे. सहायक शांत राहिला आणि खटला एका मताने गेला.

१३/
याच वर्षांत एड्सची साथ पसरली होती. ज्याच्यासोबत आयुष्य काढले, त्याच्या रुग्णालयातील खोलीत जोडीदाराला प्रवेश नाही. अंत्यविधीत स्थान नाही. भाडेपट्टा मृताच्या नावावर असेल तर घरही हातचे जाई. न्यूयॉर्कमधील ब्रॅस्ची खटल्यात १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने भाडे-नियंत्रणापुरते अशा जोडीदाराला 'कुटुंब' मानले. एकाला घर वाचवण्यासाठी एवढे लढावे लागले. विवाह हा तेव्हा हौसेचा विषय उरला नव्हता.

१४/
ऑक्टोबर १९८७, वॉशिंग्टन. १० तारखेला करवसुली खात्याच्या इमारतीसमोर सुमारे दोन हजार जोडप्यांचा सामूहिक विवाहसोहळा झाला. जागा मुद्दाम निवडलेली होती, कारण विवाहाचे फायदे-तोटे आधी करकायद्यातच कळतात. ११ तारखेला लाखोंचा मोर्चा निघाला. एड्सने गेलेल्यांच्या नावांची १,९२० कापडी पटले जोडून केलेली विशाल गोधडी त्याच दिवशी प्रथम अंथरली गेली. १३ तारखेला सर्वोच्च न्यायालयासमोर हार्डविक निकालाच्या निषेधात सुमारे सहाशे जणांनी अटक करवून घेतली.

१५/
काँग्रेसने कायदा केला? नाही. न्यायालयाने निकाल फिरवला? नाही. टीकाकारांचा हिशेब इथे बरोबर आहे, पण तो इथेच थांबतो. मोर्चाच्या पहिल्या स्मरणदिनी, ११ ऑक्टोबर १९८८ रोजी, 'नॅशनल कमिंग आउट डे' सुरू झाला. समलिंगी असल्याचे घरी, कचेरीत, शेजारी उघडपणे सांगण्याचा हा दिवस. वॉशिंग्टनमध्ये एकटेपणाची भीती गेलेली माणसे आपापल्या गावी परतली आणि बोलू लागली. पॉवेल यांचा सहायक जे बोलू शकला नव्हता, ते आता हजारो जण बोलत होते.

१६/
परिणाम मोजता येतो. गॅलपच्या पाहणीत १९९६ मध्ये २७ टक्के अमेरिकनांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला होता. मे २०१५ मध्ये हे प्रमाण ६० टक्के होते. ओबर्गफेल निकाल त्यानंतरच्या महिन्यातला आहे, आधीचा नव्हे. ओळखीत एखादी समलिंगी व्यक्ती असलेल्यांमध्ये पाठिंबा अधिक असतो, हेही जनमताच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. न्यायालयाने समाजाला पुढे ओढले, हे वर्णन या आकड्यांशी जुळत नाही.

१७/
आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा: उघड चळवळीने प्रतिक्रिया उसळते, आणि हाती होते तेही जाते. प्रतिक्रिया उसळली, हे निर्विवाद आहे. १९९६ मध्ये संघीय कायद्याने विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुषांपुरती बांधली. २ नोव्हेंबर २००४ रोजी एकाच दिवशी अकरा राज्यांनी विवाहबंदीच्या घटनादुरुस्त्या संमत केल्या. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात 'प्रस्ताव ८' सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झाला.

१८/
पण या तारखांच्या आधी काय घडले तेही पाहावे. १९९६ च्या आधी होता हवाईच्या न्यायालयाचा १९९३ चा निकाल. २००४ च्या आधी मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाचा नोव्हेंबर २००३ चा निकाल. प्रस्ताव ८ मंजूर होण्याच्या सहाच महिने आधी, मे २००८ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने विवाह खुला केला होता. प्रतिक्रियेच्या भीतीने 'रस्ता सोडा, न्यायालयात जा' असे सांगणारे नेमक्या त्याच वाटेकडे बोट दाखवतात, जिच्यावर सर्वांत मोठ्या प्रतिक्रिया उसळल्या. हक्क कोणत्याही मार्गाने मिळू लागला की विरोध होतो. तो टाळण्याचा खात्रीचा उपाय एकच: काही मागूच नये.

१९/
हवाईचा खटलाही निमूटपणे न्यायालयात गेला नव्हता. १७ डिसेंबर १९९० रोजी तीन जोडप्यांनी होनोलुलूत पत्रकारांच्या साक्षीने परवाने मागितले. हे जुळवून आणणारा स्थानिक कार्यकर्ता होता. मोठ्या हक्क-संघटनांनी वेळ आली नाही म्हणून हात आखडता घेतला, तेव्हा डॅन फोली या खासगी वकिलाने वकीलपत्र घेतले. म्हणजे ज्याला 'न्यायालयीन मार्ग' म्हणतात, त्यावरचे पहिले मोठे यशही 'थांबा' हा सल्ला न ऐकणाऱ्यांनी मिळवले.

२०/
प्रस्ताव ८ चा पराभव आणखी एक धडा देतो. त्याविरुद्धच्या अधिकृत प्रचारात समलिंगी जोडपी फारशी दिसलीच नाहीत. मतदार बिचकतील म्हणून ज्यांचा प्रश्न त्यांनाच जाहिरातींतून बाजूला ठेवले गेले. संयमाचा हा प्रयोग हरला. १५ नोव्हेंबर २००८ रोजी देशभर नगरभवनांसमोर निदर्शने झाली. पुढच्या वर्षांत कार्यकर्ते दारोदार गेले, कुटुंबे उघडपणे बोलली. २००९ मध्ये हरलेल्या मेनने २०१२ मध्ये कौल फिरवला. मेरीलँड आणि वॉशिंग्टन राज्यांतही त्याच दिवशी मतदारांनी विवाहाच्या बाजूने कौल दिला. मिनेसोटाने विवाहबंदीची घटनादुरुस्ती नाकारली आणि २०१३ मध्ये विधिमंडळाने विवाह खुला केला. बेकर आणि मॅककॉनेल यांचा अर्ज नाकारणारे राज्य तेच.

२१/
'निदर्शने करा, पण सभ्यपणे', हा आणखी एक आक्षेप. त्याला उत्तर ४ जुलै १९६९ चे. फिलाडेल्फियात दोन स्त्रियांनी एकमेकींचा हात धरला. शिस्तीला बाधा येते म्हणून कॅमेनींनी त्यांचे हात सोडवले. तरुण निदर्शक भडकले. त्या वर्षानंतर ती निदर्शने बंद झाली आणि त्यांची जागा न्यूयॉर्कच्या मोर्चाने घेतली. कॅमेनींचे धैर्य वादातीत आहे. पण निर्दोष पोशाख करूनही सरकारची माफी त्यांच्या वाट्याला आली ती २००९ मध्ये, बडतर्फीनंतर ५२ वर्षांनी. आणि लोकांसमोर एकमेकींचा हात धरण्याचा अधिकार नसेल, तर विवाहाच्या अधिकारात दुसरे असते तरी काय?

२२/
रस्ता आपोआप पवित्र ठरत नाही. विरोधकांनीही मोर्चे काढले आणि सार्वमते जिंकली. इव्हान वुल्फसन, मेरी बोनॉटो यांच्यासारख्या वकिलांनी अनेक वर्षे खपून खटले उभे केले. त्यांच्याशिवाय २०१५ चा निकाल संभवत नव्हता. चळवळीच्या आतही विवाहाचीच मागणी का करावी, यावर तीव्र मतभेद होते. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. कायदेशीर युक्तिवाद आवश्यक होता, पण पुरेसा नव्हता. १९७२ चे ते एक वाक्य याचा पुरावा आहे.

२३/
जिम ओबर्गफेल यांची मागणी साधी होती. जुलै २०१३ मध्ये त्यांनी मरणासन्न जोडीदार जॉन आर्थर यांना वैद्यकीय विमानाने मेरीलँडला नेले आणि विमानतळावर, त्या विमानातच, विवाह केला. ओहायो राज्य आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पती म्हणून त्यांचे नाव लिहायला तयार नव्हते. २०१५ च्या न्यायमूर्तींना हा माणूस दिसू शकला, त्याचे दुःख परके वाटले नाही. निकालात बेकर खटल्याचे ते जुने वाक्य नाव घेऊन रद्द करण्यात आले.

२४/
भारताचा क्रम याहून फार वेगळा नाही. ११ ऑगस्ट १९९२ रोजी दिल्लीच्या पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने झाली. २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात मोजक्या पंधरा जणांची पदयात्रा निघाली. १६ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानातून मोर्चा निघाला. तरीही डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलम वैध ठरवताना या नागरिकांना लोकसंख्येचा अत्यल्प अंश म्हटले. पॉवेल यांना एकही भेटला नव्हता. इथे ते मोजण्याइतके दिसले नव्हते. त्यानंतर शहराशहरांत लोक निषेधाला उतरले, मोर्चे नव्या गावांत पोहोचले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने तो निकाल मोडीत काढला.

२५/
२०२३ चा निकाल नकाराचा आहे, पण तो १९७२ च्या नकारासारखा नाही. पाच न्यायमूर्तींनी दहा दिवस सुनावणी घेतली, चार निकालपत्रे लिहिली. प्रश्नच नाही, असे म्हणण्याची सोय आता कोणाला उरलेली नाही. आणि कायदा करणे हे संसदेचे काम, असे खुद्द न्यायालयानेच सांगितले आहे. संसद मतदारांकडे पाहते. त्या मतदारांना आपल्या घरात, आळीत, कचेरीत ही माणसे आहेत हे कळावे लागते. म्हणून 'आता मोर्चे कशाला?' या प्रश्नाचे उत्तर खुद्द न्यायालयानेच देऊन ठेवले आहे. त्याने दाखवलेली वाट संसदेची, आणि त्या संसदेपर्यंतची वाट रस्त्यावरूनच जाते.

(थ्रेड समाप्त)